रोह्याचं जवळचं स्थळ

लेकीसाठी रोह्याचं स्थळ मी मुद्दाम पाहिलं होतं. पुण्याचं एक चांगलं स्थळ चालून आलं होतं, पण मला लेक जवळ हवी होती. दुपारी जेवून रोह्याहून निघाली, तर चहाला पेणजवळ आमच्या जोह्यात माझ्यापुढे हजर. जावयाने वर्षभरातच माझा बेत मोडला. त्याला टोरांटोत नोकरी लागली आणि दोघं गेली.

मी जन्मभर गणपतींचे डोळे आखले. कारखान्यात बाकीचा रंग कुणीही देई, आखणी मात्र माझी. हात कापायला लागला तसा आखणीचा बारीक ब्रश मी लेकीच्या हाती दिला. घरच्या गणपतीचे डोळे तरी तिनेच आखायचे, हे बायको होती तेव्हापासून ठरलेलं. आता बायको नाही. घरात मी एकटाच.

यंदा गणपतीला लेक यावी म्हणून मी हटून बसलो. मोबाइलवर पाहिलं तर मुंबई ते टोरांटो साडेबारा हजार किलोमीटर, पंधरा तास. एवढंच ना! मी एसटीवर वाढलेला माणूस. गाडी सुटली की पोचलीच, एवढंच मला माहीत. तिला फोनवर तसं सुनावलंही. तिने समजावलं की ते पंधरा तास नुसते हवेतले. विमानतळावर आधी जाऊन बसायचं, मध्ये दुसरं विमान धरायचं, तिथे ताटकळायचं, पुन्हा मुंबईहून पेणपर्यंतचा रस्ता.

"बाबा, रजा सहाच दिवसांची हाय. तीन तर वाटेतच जातील."

"मग नको येऊस," म्हणून मी फोन ठेवला. राग माझ्या नाकावरच असतो. ठेवल्याठेवल्या पस्तावलो, पण परत केला नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, मूर्ती पाटावर कोऱ्या डोळ्यांनी तशीच बसलेली. कारखान्यातून कुणीही आलं असतं, पण मला दुसऱ्याचा हात नको होता. तेवढ्यात तिचाच व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ, कामावर निघायची घाई. फोन रंगाच्या डब्याला टेकवायला लावून ती म्हणाली, "घ्या ब्रश. रेघ संपेस्तोवर श्वास सोडू नका."

हे वाक्य माझं. ती लहान असताना मी तिला हजारदा ऐकवलेलं.

डावा डोळा जमला. उजव्याची रेघ कोपऱ्यात थरथरली आणि वर गेली. मी फोनकडे पाहिलं. तिला ते दिसलं होतं. बघायला मीच शिकवलंय. पूर्वी अशी रेघ माझ्या हातून ओढली गेली तरी ती सोडायची नाही, पुसायलाच लावायची.

"छान झालेत," ती म्हणाली.

ती विमानात बसली त्या दिवशीही मला ती इतकी लांब वाटली नव्हती. पुसा म्हणेल म्हणून मी ओलं फडकं हातात घेऊन बसलो. तिची बस आली होती; तिने फोन ठेवला.