फादरांची बदली

दुष्काळानंतरच्या वर्षी मी सैन्यातून सुट्टीवर आलो होतो. कराडहून दहिवडीला जाणाऱ्या एसटीत माझ्या शेजारी एक गोरे, दाढीवाले परदेशी फादर बसले. मांडीवर विहिरीच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह आणि बोलणं अस्सल माणदेशी. माझा गणवेश बघून ते खुलले.

"आमचा फादर लोकांचा संघ चारशे वर्सांमागं ज्यानं काढला त्यो बी शिपाईच. तोफंच्या गोळ्यानं पाय मोडला, पडल्या पडल्या संतांची चरित्रं वाचली, आन् गडी बदलला!"

पुढे त्या शिपायाला सहा दोस्त मिळाले. त्यांना जेरुसलेमला जायचं होतं, पण लढाईमुळे जहाज मिळेना. मग पोप पाठवतील तिकडे जायचं ठरलं, आणि जपानपासून ब्राझीलपर्यंत त्यांच्या शाळा झाल्या. हे सांगताना फादर पुढच्या बाकावरच्या बाईच्या कोकराचा कान खाजवत होते.

"म्हणजे जहाज चुकलं म्हणून जगभर पसरलात," मी म्हणालो. ते इतके हसले की कंडक्टरने वळून पाहिलं.

"इथं किती वर्षं झाली तुम्हाला?"

"अकरा. आता आफ्रिकेला बदली झालीया." त्यांचा हात थांबला.

माझ्याही बदल्या झाल्या होत्या, पण माझं घर मागे जागेवर असायचं. मी विचारलं, "मग जाणार?"

"जानार की, हुकूम हाय. पर तिथं लोक इचारतील, तुमचं गाव कंचं? आता दहिवडी कुठं हाय, त्ये त्यास्नी कसं समजावू, गड्या?"