बोलावणं न आलेला गोठा

शेवंताताईंची आणि माझी पहिली ओळख ओतूरजवळच्या आमच्या गावात, त्यांनीच उभ्या केलेल्या दूध संस्थेच्या दारात झाली. आमची गाय विताना अडली, डॉक्टर वेळेत पोचले नाहीत आणि ती गेली. मी रिकामी किटली घेऊन रडत उभी होते. ताई खेकसल्या, "रडून काय व्हतंय? शिक आन् तूच डॉक्टर व्हय!"

मी ते मनावरच घेतलं. पशुवैद्यकीय महाविद्यालयात नंबरही लागला. पण फी, वसतिगृह, मेस, पुस्तकं! वडील पारगावच्या कारखान्यावर हंगामी कामाला. शिष्यवृत्ती यायची वर्ष सरल्यावर आणि बँक मागायची तारण. ताईंनी संस्थेच्या सभेत मदतीचा विषय काढला. "पोरगी लग्न करून जाईल, आपल्याला काय?" म्हणत आपल्याच माणसांनी तो उडवून लावला. तीच मंडळी आज ताईंच्या पंचाहत्तरीच्या सत्काराला टाळ्या वाजवायला पुढे बसतील, म्हणून स्पष्ट लिहिते आहे.

ताई वाद घालत बसल्या नाहीत. पुढच्या बाजाराला त्यांनी स्वतःची गाय बेल्ह्याला नेऊन विकली आणि माझी फी भरली. मग दरवर्षी फीची वेळ आली की त्यांच्या गोठ्यातला एक खुंटा रिकामा व्हायचा. गाय विकली तरी दावं द्यायचं नसतं, ते त्या घरी आणत. मी पदवी घेऊन आले तेव्हा खुंटीला नुसती दावी लटकत होती. मला हुंदका आवरेना. ताई म्हणाल्या, "आता लोकांची जनावरं बघ की, पोरी."

दूध न घालणाऱ्याला संस्थेत मत नाही. नुसतं पुढारपण करणाऱ्यांना रोखायला हा नियम ताईंनीच करून घेतला होता. गेल्या सभेत त्या मागं बसून राहिल्या, हात वर केला नाही. मी भडकले, तर म्हणाल्या, "नियम माझाच हाय, बाई." दुभती गाय आणून देते म्हटलं, तर त्यांनी वाकडी झालेली बोटं पुढे केली. "धार कोन काढनार?" मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

मी कुणाच्याही गोठ्यावरून परतताना त्या फाटकात उभ्या असतात. एवढंच विचारतात, "जगली का?" मग आत जातात.

ताई, पंचाहत्तरी झाली. गुडघे साथ देवोत, नजर शाबूत राहो, पुष्कळ जगा. तुमच्या गोठ्यातलं एकही जनावर मला कधी तपासायला मिळालं नाही. निदान मी परतताना फाटकात तुम्ही असा.