थोरल्यांच्या नावाचा रकाना

नसत्या चौकशांची खोड मला लहानपणापासूनच. लग्न होऊन साताऱ्याहून चेन्नईला निघाले तेव्हा आईनं बजावलं होतं, "तिथं तोंड बंद आणि कान उघडे ठेव." कान उघडे ठेवले, म्हणून तर पंचाईत झाली. सासर तंजावरी मराठी, कित्येक पिढ्या इकडचंच. त्यांची मराठी तमिळच्या हेलानं चालायची आणि मला ती ऐकत राहावीशी वाटायची. पण एवढं ऐकूनही एक गोष्ट कधी कानावर आली नाही, ती म्हणजे माझ्या मोठ्या दिरांचं नाव.

दीर अमेरिकेत. घरी न कळवता तिकडेच लग्न केलं, त्यावरून सासऱ्यांशी वाजलं आणि पत्रं थांबली. आमच्या लग्नाला ते आले नाहीत, पत्रिकेतही त्यांचं नाव नव्हतं. सासू-सासरे त्यांना 'थोरला' म्हणत, माझा नवरा 'अण्णा'. मी आपलं मनाशी ठरवून टाकलं, राग इतका की नावसुद्धा घ्यायचं नाही! नवऱ्याला खोदून विचारलं तर "तसं काही नाही गं," म्हणून त्यानं पेपर तोंडासमोर धरला.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. आमच्याकडे नुकताच कॉम्प्युटर आला होता. मोडेम किरकिर करत जोडला जायचा आणि तो चालू असेतोवर घरचा फोन बंद. त्यातच सासऱ्यांची साठी आली. इकडे साठीला नवरा-बायकोचं पुन्हा लग्न लावतात आणि मुलं त्यांच्या डोक्यावर कलशाचं पाणी घालतात. पहिला कलश थोरल्याचा. सासूबाईंनी टी. नगरातून साड्या आणल्या, त्यांत न पाहिलेल्या थोरल्या सुनेचीही एक होती. ती त्यांनी कपाटात वेगळी ठेवली. थोरला येईल का, हे त्या कुणालाही विचारत नव्हत्या, आणि मला ते बघवत नव्हतं.

शेवटी सासरे म्हणाले, "लिव्हा त्याला." नवऱ्यानं कुठूनसा ई-मेलचा पत्ता मिळवला, चिठ्ठीवर लिहून माझ्या हाती दिला आणि बँकेत निघून गेला. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला मी होतेच.

मला तो ई-मेलचा प्रोग्रॅम फार आवडायचा. त्यातल्या अ‍ॅड्रेस बुकात माणूस घालायचा म्हणजे एक खिडकी उघडायची आणि ती माझ्यासारख्याच चौकशा करायची. नाव काय? आडनाव काय? टोपणनाव? आडनावाशी इकडे सगळ्यांचंच अडायचं, कारण इथं नुसती वडिलांची आद्याक्षरं लावतात. पण इथं तर नावाच्या रकान्यातच माझा हात थांबला. पत्त्यावरूनही काही कळेना.

सासूबाई शेजारी शेवग्याचा पाला निवडत बसल्या होत्या. म्हटलं, "अम्मा, थोरल्या भावजींचं नाव काय घालू?"

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. "अय्यो, तें माझ्या मामनारांचं नांव गं. मी कसं सांगूं?"

मामनार म्हणजे सासरे. थोरल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवायचं ही घरची रीत, आणि सुनेनं सासऱ्यांचं नाव घ्यायचं नाही हीही रीत. म्हणजे या बाईनं पोटच्या पोराला जन्मात नावानं हाक मारली नव्हती! आणि मी राग, राग म्हणून काय काय रचून बसले होते.

"मग हाक कशी मारायचात?"

"कण्णा मणून," त्या म्हणाल्या आणि पुन्हा पाल्यात डोकं घातलं.

कण्णा म्हणजे आपलं सोन्या, बाळा. आमच्या गल्लीतलं प्रत्येक पोर कुणाचा ना कुणाचा कण्णा होतंच. मी तेच इंग्रजी अक्षरांत नावाच्या रकान्यात घालून टाकलं. म्हटलं, आपलं अ‍ॅड्रेस बुक, आपल्यापुरतं.

संध्याकाळी सासऱ्यांनी पत्र सांगितलं. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेलं, त्यामुळे पत्र अगदी परिपत्रक. अमुक दिवशी अमुक विधी आहे, उपस्थिती अपेक्षित आहे. 'ये' हा शब्द त्यांच्या तोंडून निघेना. मला त्यांचा मनस्वी राग आला, पण टाइप केलं. अक्षरन्‌अक्षर तपासताना त्यांची नजर वरच्या ओळीवर अडली. "हें कोण?" मी म्हटलं, "थोरले भावजी. अम्मांनी सांगितलं." त्यांनी चष्मा काढून पुसला. 'बदल' म्हणाले नाहीत. मी पत्र पाठवलं.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. विधीबद्दल एक अक्षर नव्हतं. 'वर कण्णा कुणी लिहिलं? अम्मा तिथं बसली आहे का? तिला सांगा, आम्ही दोघं येतो.'

आपण यादीत माणसाला जे नाव देतो तेच पत्राबरोबर त्याच्यापर्यंत जातं, हे मला तेव्हा कळलं. मी सासूबाईंना ओढतच आणलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. कुठली अक्षरं ते मी दाखवलं, तशी त्यांनी पदरानं बोट पुसलं आणि पडद्यावर टेकवलं.

"हें तितकं दूर गेलं?"

सासरे दारातच उभे होते. म्हणाले, "माझं पत्र कोण वाचतो? तूंच बोलावलंस त्याला."