बिनदुधाची कॉफी

आसाराम फौजी कॉफीचे दाणे भाजायला बसला की वाडीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. "लाह्या फोडायला बसलाय बघा गडी," म्हणायच्या. पण तवा खाली उतरेपर्यंत एकही जागची हलायची नाही.

पंधरा वर्षं पलटणीत काढून तो नेकनूरजवळच्या आपल्या वाडीत परतला, तेव्हा त्याच्या ट्रंकेत दोन गणवेश आणि हिरव्या कच्च्या कॉफीची एक पिशवी होती. बर्फातल्या चौकीवर एका कुर्गी हवालदारानं त्याला ही विद्या शिकवली होती. तीन दगड, खाली काटक्या, वर पत्र्याचं झाकण. दाणे सारखे हलवत राहायचे. हिरव्याचे पिवळे होतात, मग विटकरी, आणि मग तडतडायला लागतात. "दाणा बोलायला लागला की आपण गप्प बसायचं," हवालदार म्हणायचा. "दुसऱ्यांदा बोलायच्या आत उतरवायचा. तेव्हा हात दुसऱ्या कशालाच लावायचा नाही." पुढं तो दरसाल घरच्या मळ्यातली पिशवी फौजीला पोस्टानं पाठवी.

वाडीत दूध सोसायटी काढली ती फौजीनंच. दूध घातलेली माणसं टेम्पो येईपर्यंत चार शब्द बोलत थांबावीत म्हणून त्यानं संकलनाच्या खोपटापुढं चूल मांडली. भाजलेले दाणे सुपात पाखडायचे, फडक्यात बांधून दगडानं कुटायचे, उकळत्या पाण्यात सोडायचे. नियम मात्र एकच. सोसायटीच्या दुधातला थेंबही कॉफीत पडता कामा नये.

"भावजी, दुधाच्या क्यानाला टेकून बसायचं अन् काळं पाणी प्यायचं, ह्यो कुठला न्याव?" शेजारची बायनाबाई विचारायची.

"आज मी थेंब घेतला तर उद्या तू तांब्या घेशील."

"अन् घरी जाऊबाई कॉफीत दूध घालत्यात ते?"

"त्ये आमच्या म्हशीचं हाय," जानकीबाई नवऱ्याच्या आधी उत्तर द्यायची.

मग पाऊस रुसला तो तीन वर्षं रुसला. कडबा संपला, चाऱ्याला उसाचं वाढंही मिळेना. जनावरं दावणीतून एकेक करून नेकनूरच्या बाजाराला गेली. त्या साली कुर्गाहून पिशवीही आली नाही. पत्राचं उत्तरही आलं नाही. डब्यात मूठ-दोन मूठ दाणे उरले.

टेम्पोवाला म्हाळू एक दिवस मान खाली घालून म्हणाला, "फौजी, डेअरीच्या सायबानं सांगितलंय. चाळीस लिटराच्या खाली दूध असंल तर फाट्यावरून आत वळायचं न्हाई. एक दिस जरी कमी पडलं तरी वाडीचं नाव कटलं. डिझेल परवडत न्हाई म्हणत्यात."

"चाळीस झालं की खोपटापुढच्या लिंबावर पांढरं फडकं चढवीन. फाट्यावरून दिसतंय. दिसलं की वळ."

"अन् पाणी घालून चाळीस करू नका म्हंजी झालं."

"पाणी असतं तर म्हशीला नसतं का पाजलं, गड्या?"

फौजीनं लिंबाच्या फांदीवरून सुतळी टाकली, टोकाला जुन्या धोतराचं फडकं बांधलं. सतरा दिवस ते रोज चढलं. कधी चाळीस, कधी एकेचाळीस.

अठराव्या दिवशी ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी मुकादमाचा ट्रक यायचा होता. अर्धी वाडी चालली होती. बायनाबाईनं आदल्या रात्री फौजीला शब्द दिला होता, "म्हशी सासूपाशी ठिवून चाललेय. म्हातारी पिळंल, तुमी नेत जावा. उद्याची धार मी सोता आणून देते." तिच्या दोन म्हशींचं दूध नऊ लिटर होत असे.

सकाळी बाकीच्यांचं मोजून झालं. एकतीस. फौजीनं डबा उलटा केला आणि उरलेसुरले दाणे तव्यात टाकले. "जाणाऱ्याला घोटभर देऊ," जानकीबाईला म्हणाला. दाणे विटकरी झाले, तेवढ्यात पाराजवळ ट्रकचा भोंगा वाजला. सगळी माणसं आपापल्या लेकीसुनांना निरोप द्यायला तिकडं धावली. जानकीबाईसुद्धा गेली. बायनाबाईचं दूध अजून यायचं होतं, म्हणून तवा चुलीवरच ठेवून फौजीही गेला.

बायनाबाई ट्रकमधल्या बोचक्यांवर बसली होती. तिनं वरून दुधाची किटली खाली दिली. "नऊ हाय, भावजी. मोजून घ्या. काळं पाणी माघारी येऊन पिईन."

फौजी किटली घेऊन पळतच खोपटाकडं आला. माप घातलं. नऊ भरलं. एकतीस अन् नऊ, चाळीस! तो सुतळीकडं वळला, आणि त्याच क्षणी तव्यातून दुसरी तडतड ऐकू आली. धूर वर येत होता.

पंचवीस वर्षांची सवय. हात सुतळीकडं न जाता तव्याकडं गेले. त्यानं उघड्या बोटांनी तवा धरला, उतरवला, दाणे सुपात ओतले, फुंकर घातली. फाट्यावर म्हाळूनं एकदा भोंगा वाजवला. थोडं थांबून पुन्हा एकदा वाजवला. फौजीनं सूप टाकून सुतळी ओढली. फडकं सरसर वर चढलं, तेव्हा टेम्पोचा मागचा पत्रा वळणाआड जात होता.

फौजी चपला टाकून फाट्यापर्यंत पळाला. रस्त्यावर धूळ तेवढी होती.

परत आला तेव्हा जानकीबाई सुपापाशी बसली होती. दाणे कोळशासारखे काळे झाले होते. तिनं त्याची भाजलेली बोटं बघितली, वर लिंबावरचं फडकं बघितलं.

ट्रक गेला. उरलेली म्हातारी माणसं एकेक करून खोपटापाशी येऊन बसली. त्यातली भामाबाई म्हणाली, "म्हाळू उद्या येईल की." पण वाडीचं नाव आजच कटलं होतं. फौजीनं दाणे फडक्यात बांधून कुटले, पाण्यात सोडले. करपट वास सुटला. चाळीस लिटर दूध सावलीत तसंच होतं, आणि सावली सरकत होती.

जानकीबाईनं क्यानाच्या झाकणावर हात ठेवला. "घालू?"

फौजीनं चुलीतली जळती काटकी बाहेर ओढून विझवली.

"घाल," तो म्हणाला. "सगळ्यांना घाल."

तिनं तांब्या बुडवून दूध ओतलं. सगळ्यांनी जर्मलचे पेले पुढं केले. एवढं दूध घालूनही कॉफी कडूच लागत होती. भामाबाईनं पेला रिकामा केला, पदरानं पुसून फौजीसमोर ठेवला आणि उठून घराकडं गेली.