गिरणीवरच्या वर्गातले इंटरव्ह्यू

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. सोसायटीच्या पार्किंगमधल्या बेवारस सायकलींसारखे ते आपोआप साठत जातात!

आमचं ट्रेनिंग सेंटर कोपरखैरण्यात, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर. तिथे मी मोठ्या माणसांना इंटरव्ह्यू द्यायला शिकवते. मोठ्या म्हणजे चाळिशीच्या आसपासच्या किंवा पुढच्या, आणि ज्यांना नोकरी द्यायची म्हटलं की समोरच्याला अचानक दुसरी मीटिंग आठवते अशा. कुणाची नजर गेलेली, कुणी तुरुंगातून सुटलेला, कुणी जन्मभर स्वयंपाकघरातच राहिलेली. खाली गिरणी सुरू झाली की वर्ग थरथरतो. नवीन आलेल्याला वाटतं, आपणच घाबरलोय!

*

शेवंताबाई बोनकोड्याच्या. सगळी उमर मासळी विकली, मग गुडघ्यांनी संप पुकारला. त्यांना बसून करायचं काम हवं होतं.

पहिल्याच दिवशी मी खोटा-खोटा इंटरव्ह्यू घेतला. टेबलामागे बसून, कडक चेहऱ्याने विचारलं, "आम्ही तुम्हालाच का घ्यावं?"

शेवंताबाईंनी पदर खोचला.

"नको घेव! मंग मागारी येशील ना, तवा पाटी रिकामी झालेली आसंल!"

आता त्या एका मोठ्या दुकानाच्या फिश काउंटरवर आहेत. एसी, टोपी, बसायला स्टूल. मी भेटायला गेले तर तोंड पाडून बसलेल्या. म्हटलं, "काय झालं?"

"सगल्यावर भावाचा स्टिकर! कोनी घासाघीस करीत नाय. तोंडाला गंज चढला माझ्या!"

*

सुलभाताई खांदेश्वरहून यायच्या. नवरा गेला, घर चालवायचं होतं आणि आवाज तर असा की पहिल्या बाकापर्यंत पोचायचा नाही. मी त्यांना होमवर्क दिला. रोज सकाळी आरशासमोर उभं राहून मोठ्याने म्हणायचं, "आय ॲम द बेस्ट!"

चार दिवसांनी त्यांच्या सासूबाईंचा मला फोन.

"अहो मॅडम, सुनेला काय शिकवलंत? बाथरूममध्ये कोंडून घेऊन इंग्लिशमध्ये कुणाशी तरी भांडते!"

मी समजावून सांगितलं.

"असं होय? मग भांडू दे. पण तिला म्हणावं, आवाज अजून चढव. बाहेर नीट ऐकू येत नाही!"

*

दिलीप मारामारीच्या केसमध्ये काही वर्षं आत होता. बाहेर आल्यावर दारं बंद. मी त्याला एकच गोष्ट शिकवली, "खोटं बोलायचं नाही. पण थोडक्यात सांगायचं."

जासईकडच्या एका गोदामात इंटरव्ह्यू होता. मॅनेजरने विचारलं, "आधीची जागा का सोडली?"

"मी नाय सोडली साहेब. चांगल्या वर्तणुकीमुळे त्यांनीच लवकर सोडलं!"

मॅनेजर गोंधळला. "चांगल्या वर्तणुकीमुळे? कुठली कंपनी ही?"

"सरकारी आहे साहेब. राहणं-खाणं फुकट."

मग मात्र दिलीपने सगळं खरं सांगून टाकलं. मॅनेजर त्याच्या अर्जावर सही करत म्हणाला, "सोमवारपासून ये."

आता दिलीप त्या गोदामाच्या गेटवर असतो. परवा फोन केला होता. "मॅडम, काय सांगू! आता चावी माझ्याकडे असते!"

*

गुरवकाका कंटेनरचे ड्रायव्हर. डायबेटिसने डोळे नेले. आमच्याकडे बोलणाऱ्या कॉम्प्युटरवर टेलिफोन ऑपरेटरचं काम शिकले. एका हॉस्पिटलात मी त्यांना घेऊन गेले. समोरची एचआरची मुलगी फार जपून बोलत होती.

"सर, नाइट शिफ्टला काही प्रॉब्लेम?"

"पोरी, मला काय दिवस अन् काय रात्र!"

ती बिचारी कावरीबावरी. सॉरी सर, सॉरी सर. काका म्हणाले, "अगं, हस की! जोक मीच मारलाय."

नोकरी काही मिळाली नाही. कळवतो म्हणाले, कळवलंच नाही. मला वाईट वाटलं. तर काकाच माझी समजूत घालायला लागले.

"जाऊ द्या हो. मी त्यांना दिसलो नसेन!"

*

आणि आमचा प्रकाश. बोलताना अडखळतो. इतका की घरातला फोनसुद्धा उचलायचा नाही. त्याने अर्ज कुठे केला? कॉल सेंटरमध्ये. तेही तक्रार विभागात!

मी म्हटलं, "प्रकाश, पॅकिंगचं बघू या का?"

"मॅ-मॅडम, जन्मभर ग-गप्पच बसलोय. आता बो-बोलायचीच नोकरी पाहिजे."

गेलो महाप्याला, एका वायफाय कंपनीच्या ऑफिसात. सुपरवायझरच्या कपाळाला आठ्या. "एक कॉल घेऊ दे, मग बघू," म्हणाला आणि स्पीकर ऑन केला.

पलीकडचा माणूस पेटलेलाच होता. "कधीपासून म्युझिक ऐकवताय रे? नेट बंद, कस्टमर केअर बंद! ऑफिसात येऊन एकेकाला बघतो!"

"न-नमस्कार सर. मी प्र... प्र... प्र..."

"कोण?"

"प्र... प्र..."

मी डोळे मिटून घेतले. सुपरवायझरचा हात हेडफोन काढून घ्यायला पुढे आला. तेवढ्यात पलीकडचा आवाज एकदम खाली उतरला.

"आरामात, भाऊ, आरामात. कुणी मागे लागलंय का तुझ्या?"

"हो स-सर. तु-तुम्हीच!"

मग तो माणूस असा हसत सुटला की स्पीकर खरखरायला लागला. "आधी पाणी पी रे बाबा. नेट काय, उद्या चालू झालं तरी चालेल!"

सुपरवायझरने हात मागे घेतला.

हल्ली त्या ऑफिसात कुणी फारच शिव्या द्यायला लागला की लाइनवरची मुलगी गोड आवाजात म्हणते, "सर, एक मिनिट होल्ड करा हं. प्रकाशला देते!"