वाळवलेला स्फटिक

ताईच्या बोटांना कडू बदामाचा वास यायचा. साबण लावा, लिंबू चोळा, जायचा नाही. तिचं काम ज्या तेलकट द्रवापासून सुरू व्हायचं, त्याचा तो वास. घरात पाऊल टाकलं की आई म्हणायची, "आली बाई बदामाची गोणी! आधी हात धू, मग ताटाला लाव."

सकाळी शाळेत शिकवायचं आणि दुपारनंतर विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पीएच.डी.साठी राबायचं, असा तिचा दिवस. चाळिशी उलटली होती. बरोबरची मंडळी पदव्या घेऊन पांगली. नवी पोरं तिला ताई म्हणू लागली, तेव्हाच तिला कळलं की आपला मुक्काम फार लांबला.

काम सांगायला सोपं होतं. तो द्रव आणि अमाइन नावाचं एक रसायन गरम अल्कोहोलात उकळायचं, की शिफ बेस नावाचं पिवळंधमक संयुग खाली बसतं. ते पुन्हा विरघळवून त्यात तांब्याच्या क्षाराचा निळा द्राव थेंब थेंब सोडायचा. रंग काळपट हिरवा होतो. शिफ बेसचे दोन रेणू दोन बाजूंनी तांब्याचा अणू धरतात, पकडीत बोल्ट धरावा तसा. ही पकड सपाट बसली आहे की पिळलेली, एवढंच ताईला शोधायचं होतं.

पावडरीवरून नुसता अंदाज बांधता येतो. तिने प्रबंधात लिहिलं, "रचना बहुधा सपाट आहे." परीक्षकाने 'बहुधा'ला लाल गोल करून प्रबंध परत पाठवला. क्ष-किरणांनी रचना दाखवा, मग पदवीचं बोला. त्यासाठी मिठाच्या खड्याएवढा एक अखंड स्फटिक हवा. ताईकडे बाटल्या भरून पावडर होती. त्यात वर्षअखेरीला तिचे मार्गदर्शक सर निवृत्त होणार. दुसऱ्याचं जुनं बिऱ्हाड कोणी मार्गदर्शक डोक्यावर घेत नाही, हे ती जाणून होती.

तिने द्राव बाटलीत भरला, तोंडाला कापूस लावला आणि बाटली कोपऱ्यातल्या कपाटात ठेवली. द्राव सावकाश उडतो, स्फटिक सावकाश वाढतो. हलवायचं नाही, सारखं डोकवायचं नाही. किती बाटल्या अशा वाया गेल्या. मग एके दुपारी एका बाटलीच्या तळाशी काहीतरी चमकलं.

सर सूक्ष्मदर्शकावर वाकले ते वाकलेच. "अगं, कडा बघ याच्या! कुठे दडवला होतास?"

"कपाटात. मी श्वाससुद्धा बाहेर जाऊन घेत होते, सर."

"उद्या सकाळी क्ष-किरणांच्या यंत्रावर आपला नंबर लावतो. तयार करून ठेव."

ताई तयारीला लागली. इतकी वर्षं तिच्या हातांनी पावडरच हाताळली होती. गाळायची, गार अल्कोहोलाने धुवायची, काचेच्या बंद भांड्यात ठेवून पंपाने हवा ओढून कोरडी करायची. चिमूटभरही सांडू द्यायची नाही. हातांना ते इतकं अंगवळणी पडलं होतं की डोक्याला विचारावं लागत नसे. त्या दिवशी मन यंत्रापाशी जाऊन पोचलं आणि हात टेबलापाशी राहिले. हातांनी स्फटिक गाळला, धुतला आणि पंपाला लावला.

असा स्फटिक ज्या द्रावात वाढतो, त्यातच बुडवून ठेवायचा असतो. त्याच्या पोटात द्राव अडकलेला असतो आणि त्याच्या आधारानेच तो उभा असतो. नव्या पोरांना हे ताईनेच शिकवलं होतं.

सकाळी तिने भांडं उघडलं. आकार तोच होता, चमक गेली होती. चिमटा लागताच स्फटिकाचा भुगा झाला.

"वाळवलास?" सरांनी विचारलं.

"हो."

"पंप लावून?"

"हो, सर."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "पुन्हा लाव," एवढंच म्हणाले.

तिने पुन्हा लावलं. तोच द्राव, तशीच बाटली, तेच कपाट. पावडर पडली. परत लावलं, परत पावडर. एकदा काचेवर हिरवी साय धरली, बाकी काही नाही. वर्ष सरलं. जाताना सर म्हणाले, "ताई, मी कोणाशी तरी बोलून बघतो." त्यांनी तिला ताई म्हणण्याची ती पहिलीच वेळ. ते बोलले असतील. कोणी होकार दिला नाही.

ताईने बाटल्या घासल्या, उपड्या घातल्या, कपाटाची किल्ली कार्यालयात दिली. मग नुसती शाळा राहिली.

एकदा जेवायला बसताना आईने विचारलं, "काय म्हणतंय तुझं तांबं?" आजारी नातेवाइकाची विचारपूस करावी तसं ती नेहमी विचारायची.

"बरं आहे."

"आज हात धुतलेस वाटतं. वास नाही आला."

ताईने बोटं नाकाशी नेली. वास खरंच गेला होता. तिने ताट पुढे ओढलं.