अकरा पावलं

डॉक्टरीण हे तिचं टोपणनाव. इमारतीतल्या पोरांनी ते ठेवलं तेव्हा ती दहा वर्षांची होती आणि आईची कुठली गोळी जेवणाआधीची, कुठली नंतरची, हे घडाघडा सांगायची. आता चौदा पूर्ण झाली. आईच्या नसांचा आजार पायांतून कमरेपर्यंत चढला आणि वडिलांनी दुसरीकडे दुसरा संसार थाटला, या दोन्ही गोष्टी एकाच वर्षात झाल्या. तेव्हापासून आईला उठवणं, न्हाऊ घालणं, चादरी बदलणं, स्वयंपाक, सगळं पोरीच्या गळ्यात. लोक म्हणायचे, "पोर गुणाची आहे हो." म्हणायला काय जातं? हात लावायला एकही जण पुढे आला नाही.

शाळेत तिचा पहिला तास रोज बुडायचा. वर्गशिक्षिकेने आधी तिला बाकावर उभं केलं, मग वर्गाबाहेर, आणि तिसऱ्या महिन्यात एकदाचं विचारलं, की तू सकाळी करतेस तरी काय? उत्तर ऐकून बाईंचा चेहरा उतरला. मनाने चांगल्या होत्या बाई. त्यांनी खटपट करून एका सरकारी कचेरीत अर्ज केला, की या घरी सकाळी तीन तास मदतनीस मिळावी. मिळाली तर मुलगी वेळेवर शाळेत येणार आणि वार्षिक परीक्षेला बसणार. नाहीतर हजेरी कमी पडून वर्ष वाया. हे मुलीला मात्र त्यांनी सांगितलं नाही. उगाच आशा लावायला नको, म्हणे. तिला एवढंच कळलं, "गुरुवारी एक मॅडम घरी पाहायला येतील. घाबरू नकोस."

असं म्हटल्यावर कुठलं पोर घाबरणार नाही? त्यात शेजारच्या काकूंनी आगीत तेल ओतलं. "पाहायला येतात आणि पोरांना वसतिगृहात नेऊन टाकतात. आईला भलतीकडेच. माझ्या माहितीत झालंय असं." काकूंच्या माहितीत जगातलं सगळंच झालेलं असतं.

तीन रात्री पोरीच्या डोळ्याला डोळा लागला नाही. मग ती आईला म्हणाली, "पलंगापासून दारापर्यंत अकरा पावलं आहेत. तेवढी जमतील?"

"भिंत धरून?"

"भिंत धरलीस की त्यांना कळेल. मी मागे असते. पाठीला हात लावून ठेवते, दिसणार नाही."

"आणि पडले तर?"

"पडायचं नाही."

"बरं, डॉक्टरीणबाई," आई म्हणाली, आणि दोघी तालमीला लागल्या.

गुरुवारी औषधांचा डबा कपाटात गेला, रबरी चादर गादीखाली, बेडपॅन थेट गच्चीवर. मॅडमनी बेल वाजवली आणि दार खुद्द आईने उघडलं. अकरा पावलं, एकही चुकलं नाही.

"स्वयंपाक कोण करतं?"

"मीच."

"आणि आंघोळ?"

"ती काय दुसऱ्याने घालायची असते?"

मॅडम हसल्या आणि फॉर्मवर भराभर खुणा करत गेल्या. मागे मुलीच्या हाताला रग लागली होती, पण तिने तो हलवला नाही. जाताना मॅडम म्हणाल्या, "घर अगदी छान ठेवलंय."

दार लागलं तशी आई मटकन खाली बसली. मुलीने तिला ओढतच पलंगापर्यंत नेलं आणि दोघी पोट धरधरून हसल्या. आपण जिंकलो असं वाटलं त्यांना, बिचाऱ्यांना.

तीन आठवड्यांनी वर्गशिक्षिका पत्र घेऊन आल्या. रुग्ण स्वतः चालते, स्वयंपाक करते, मदतनिसाची गरज नाही, पुन्हा अर्ज एका वर्षाने.

"तू खोटं का बोललीस गं?" बाईंनी विचारलं.

"मदत द्यायला येणार आहेत हे तुम्ही सांगितलंत का मला?"

दुसऱ्या दिवशी बाई मुलीला घेऊन कचेरीत गेल्या. मुलीने लाज गिळून सगळं सांगितलं, अगदी बेडपॅनसुद्धा. मॅडमनी ऐकून घेतलं.

"अगं, मी माझ्या डोळ्यांनी त्यांना चालताना पाहिलंय. आता मी खरं कशाला मानू?" बाई मधे बोलायला गेल्या तेव्हा मॅडमनी हाताने थांबवलं. "आणि तू म्हणतेस तसं असलं, तरी तू करतेसच की सगळं, आणि किती नीट करतेस. ज्यांना कुणीच नाही अशांची इथे रांग लागलीय." वर कौतुकाने तिची पाठ थोपटली.

घरी येऊन तिने आईला दोन वाक्यांत सांगितलं.

"त्या दिवशी मी पडायला हवं होतं," आई म्हणाली. "तू हात काढून घ्यायला हवा होतास."

"काहीतरीच बोलू नकोस," मुलगी म्हणाली आणि तिला कुशीवर वळवायला लागली. आईच्या तोंडाकडे बघायची तिची हिंमत होईना. कचेरीचा जिना उतरताना तिच्याही मनात नेमकं हेच आलं होतं, आणि एकदाच नव्हे, प्रत्येक पायरीवर.